टोंगळ्याची गादी आणि स्वतःच्याच रक्ताचे इंजेक्शन

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर गेल्या दिवाळीपासून एक भला मोठा फलक लागला आहे. त्यावर गुडघ्याचे दोन एक्स-रे शेजारी शेजारी छापलेले आहेत, मधे लाल बाण आहे आणि खाली लिहिले आहे, 'ऑपरेशन नको! तुमच्याच रक्ताने गुडघ्याची गादी परत मिळवा.' यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आठवडी बाजाराला जाणाऱ्या प्रत्येक बाईने हा फलक वाचलेला किंवा दुसऱ्याकडून वाचून घेतलेला आहे, कारण जन्मभर निंदण आणि वेचणी केलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये न दुखणारा गुडघा शोधावाच लागतो. आमच्या आत्याबाई तिथल्या शिबिरात जाऊन आल्या, पंचवीस हजारांत तीन इंजेक्शनांचे 'पॅकेज' ऐकून आल्या आणि ओसरीवर भिंतीला टेकून पाय लांब करत म्हणाल्या, "म्हंजे माह्यंच रगत काढाचं, माह्याच टोंगळ्यात घालाचं, अन् पैसेबी मीच द्याचे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या इंजेक्शनाचे नाव प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे प्लेटलेटचे प्रमाण वाढवलेला रक्तद्रव. दवाखान्यात त्याला 'पीआरपी' म्हणतात आणि पुढे आपणही तेच म्हणू. ते थोतांड नाही आणि जादूही नाही. फलकावरच्या वाक्याचे दोन भाग करून पाहिले, तर एका भागात काही तथ्य सापडते आणि दुसऱ्यात सापडत नाही.

गादी म्हणजे काय, आणि ग्रीस म्हणजे काय

आपल्याकडे 'गादी झिजली' आणि 'गुडघ्यातले ग्रीस संपले' ही दोन वाक्ये एकाच अर्थाने वापरली जातात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैलगाडीचा आख आणि त्यावर घातलेले वंगण यांत जो फरक, तोच इथेही आहे. गादी, म्हणजे कूर्चा, हा हाडांच्या टोकांवर घट्ट बसलेला, गुळगुळीत, पांढुरका थर होय. गुडघ्यात त्याची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर असते. ग्रीस म्हणजे सांध्याच्या पिशवीत पाझरणारा चिकट द्रव. वंगण पुन्हा घालता येते, पण आखच झिजला तर सुतार-लोहाराकडे जावे लागते.

या गादीच्या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तर पुढचे सगळे समजणे सोपे जाते. पहिली, तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. बोट कापले तर तिथे रक्त येते, त्याबरोबर दुरुस्तीचा सगळा कारभार पोहोचतो आणि आठवड्याभरात जखम भरते. गादीला ही सोय नाही. तिला अन्नपाणी मिळते ते आजूबाजूच्या द्रवातून. चालताना ती स्पंजासारखी दाबली जाते, भार हलका झाला की फुगते आणि त्या उघडमिटीत द्रव आतबाहेर होतो. दुसरी, तिच्यात जिवंत पेशी फारच थोड्या असतात, एकूण आकारमानाच्या काही टक्केच. बाकी सगळे पाणी आणि तंतूंचे जाळे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असूनही शिबिरात कोणी सांगत नाही: गादीत वेदना वाहणाऱ्या नसा नाहीत. गादी स्वतः दुखत नाही. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याभोवतीचे आवरण आणि सुजलेले अस्तर.

कूर्चा एकदा नष्ट झाली की ती पुन्हा भरून येत नाही, हे विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने लंडनमध्ये १७४३ साली नोंदवून ठेवले आहे. त्यानंतर पावणेतीनशे वर्षे गेली. तरुण माणसाच्या गादीला खेळताना किंवा अपघातात रुपयाएवढा खड्डा पडला, तर तो भरण्याच्या काही शस्त्रक्रिया आज आहेत. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच गादीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा बसवल्याचे १९९४ मध्ये जगाला सांगितले. परंतु वयानुसार आणि कष्टाने सर्वदूर विरळ झालेली गादी नव्याने उगवण्याचा सिद्ध उपाय आजही हाती नाही.

डेंग्यूतल्या 'पेशी' आणि दुधाचे फॅट

प्लेटलेट हा शब्द गावात कोणी वापरत नाही, पण डेंग्यूच्या दिवसांत 'पेशी वीस हजारांवर आल्या' असे जे म्हटले जाते, त्या 'पेशी' म्हणजेच प्लेटलेट. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात आणि प्रत्येकीचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे असते. जखम झाली की तिथे चिकटून रक्त थांबवणे, हे त्यांचे पहिले काम. दुसरे काम कमी माहीत असलेले आहे. त्यांच्या पोटात बारीक पुरचुंड्या असतात, आणि जखमेवर त्या फुटल्या की 'वाढघटक' नावाची प्रथिने बाहेर पडतात. ही प्रथिने आसपासच्या पेशींना हाक देतात की इकडे या, वाढा, दुरुस्ती करा.

पीआरपी तयार करण्याची रीत ज्याने दूध संकलन केंद्रावर फॅट काढताना पाहिले आहे त्याला लगेच उमगेल. तिथे दुधाच्या काचनळ्या यंत्रात बसवून गरागरा फिरवत आणि जड-हलके वेगळे होत असे. इथे हातातून साधारण १५ ते ६० मिलिलिटर रक्त काढतात, ते गोठू नये म्हणून त्यात औषध घालतात आणि नळ्या फिरवतात. आत्याबाईंना शिबिरात अशी एक नळी दाखवण्यात आली होती, आणि त्यांचे वर्णन कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतके अचूक होते: खाली डाळिंबाच्या रसासारखे लाल, वर गव्हाच्या काडासारखे पिवळे पाणी, आणि मधे दुधावर धरतो तशी पातळ पांढरी साय. लाल भाग टाकून देतात. पिवळ्या द्रवातला सायीलगतचा भाग घेतात, काही ठिकाणी तो पुन्हा एकदा फिरवून आणखी दाट करतात आणि हाती येणारे काही मिलिलिटर द्रव गुडघ्यात टोचतात. त्यात प्लेटलेटचे प्रमाण मूळ रक्ताच्या तिप्पट ते पाचपट असावे, अशी साधारण अपेक्षा असते.

'असावे' हा शब्द मी मुद्दाम वापरला. कोणाचे यंत्र एकदा फिरते, कोणाचे दोनदा. कोणी पांढऱ्या पेशी ठेवतो, कोणी काढून टाकतो. आणि ज्याचे रक्त घेतले त्याच्या प्लेटलेट मुळात किती, यावरही सगळे अवलंबून. क्रोसिनची गोळी वणीत घेतली काय आणि वर्ध्यात घेतली काय, आत औषध तेवढेच असते. पीआरपीचे तसे नाही. एकाच नावाखाली दहा दवाखान्यांत दहा वेगळे द्रव मिळतात, आणि पुढच्या सगळ्या वादाचे एक मोठे मूळ इथे आहे.

उसाचे पाणी कोरड्या बरडीवर

हा उपाय गुडघ्यासाठी जन्मला नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्याच्या हाडाच्या कलमात पीआरपी वापरल्याचे प्रसिद्ध केले, आणि तिथून ते स्नायू, कंडरा, केस, चेहरा असे पसरत गेले. जबड्याच्या हाडात रक्तपुरवठा असतो आणि हाकेला धावून येणाऱ्या पेशीही असतात. गादीत हाक दिली तरी धावून येणार कोण? खताने उभे पीक तरारते, पण जिथे पेरा विरळ उगवला आहे आणि जमीन खरवडून गेली आहे, तिथे युरियाची दोन पोती टाकली म्हणून बी नसलेल्या जागी पऱ्हाटी उभी राहत नाही. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात पीआरपी मिळाल्यावर कूर्चेच्या पेशी जोमाने वाढतात हे खरे आहे. फलकामागचा 'वैज्ञानिक आधार' बहुधा तोच असतो. पण काचपात्रात कोणी भारा डोक्यावर घेऊन चालत नाही.

मग गुडघ्यात पीआरपी काय करत असावे? त्यातील काही घटक सांध्याच्या अस्तराची सूज शमवतात, असा आजचा कल आहे. सूज उतरली की दुखणे कमी होते, दुखणे कमी झाले की माणूस चालतो, आणि चालल्याने मांडीचे स्नायू थोडे बळावतात. हे सगळे गादी एक केसभरही न वाढता घडू शकते, कारण दुखणारी वस्तू मुळात गादी नव्हतीच. 'दुखणे थांबले, म्हणजे गादी आली' हे गणित त्यामुळेच चुकीचे आहे.

'पण एक्स-रेमध्ये फट वाढलेली दिसते ना!'

एक्स-रेमध्ये गादी दिसतच नाही. दिसतात ती दोन हाडे, आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या फटीवरून आपण गादी किती उरली असेल याचा अंदाज करतो. पेशंट उभा असताना शरीराचा भार गुडघ्यावर येतो आणि फट खरी तेवढी दिसते. तोच पेशंट टेबलावर झोपला की फट रुंद दिसते. गुडघा किंचित वाकलेला असला किंवा किरणांचा कोन बदलला तरीही फरक पडतो. त्यामुळे 'आधी' उभ्याने आणि 'नंतर' निजून काढलेले दोन फोटो शेजारी लावले की कोणताही गुडघा बरा करता येतो. एसटी स्टँडवरच्या फलकावरचे फोटो कसे काढले होते ते मला ठाऊक नाही, आणि फलकावरही लिहिलेले नाही.

तुलना करून पाहिले तेव्हा

औषधाचा खरा गुण कळायचा तर निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना मिठाचे निर्जंतुक पाणी द्यावे लागते, आणि कोणाला काय दिले हे पेशंटलाही कळू द्यायचे नसते. सुईचा, डॉक्टरांच्या शब्दाचा आणि खर्च केलेल्या पैशाचाही गुण येतो. तो वजा करायचा असतो.

असा एक प्रयोग ऑस्ट्रेलियातील मेलबर्न आणि सिडनी येथे झाला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढचे, गुडघ्याची सौम्य ते मध्यम झीज असलेले २८८ जण त्यात होते. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने दिली आणि वर्षभराने मोजणी केली. शून्य ते दहा अशा मापावर पीआरपी घेतलेल्यांचे दुखणे सरासरी २.१ ने उतरले. मिठाचे पाणी घेतलेल्यांचे १.८ ने. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. गादीचे आकारमान एमआरआयवर मोजले, तर ते दोन्ही गटांत कमीच झाले होते, पीआरपीच्या गटात १.४ टक्के आणि पाण्याच्या गटात १.२ टक्के. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये घोट्याच्या झिजेवर १०० रुग्णांवर झालेल्या चाचणीतही पीआरपी पाण्यापुढे सरस ठरले नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरांनी २०१३ मध्ये ७८ रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली, आणि तीत मात्र पीआरपी मिठाच्या पाण्यापेक्षा स्पष्टपणे चांगले ठरले. दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवू लागला, सहा महिन्यांच्या सुमारास तो थोडा ओसरू लागला. आणि एक इंजेक्शन घेतलेल्यांना दोन घेतलेल्यांइतकाच गुण आला. तीन इंजेक्शनांचे पॅकेज विकणाऱ्यापुढे हे शेवटचे वाक्य ठेवून पाहावे. 'जेल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हायलुरोनिक आम्लाच्या इंजेक्शनाशी तुलना केलेल्या अनेक अभ्यासांतही सहा महिने ते वर्षाच्या टप्प्यावर पीआरपीचे पारडे जड दिसते. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगातले द्रव पुरेसे दाट नव्हते, असा आक्षेप पीआरपीच्या समर्थकांनी घेतला, आणि माझ्या मते तो विचारात घेण्याजोगा आहे. मात्र तोच निकष लावायचा, तर तालुक्याच्या दवाखान्यातल्या द्रवात प्लेटलेट किती, हेही मोजून दाखवले पाहिजे.

तज्ज्ञांच्या संस्थांचेही एकमत नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी पीआरपी देऊ नये असे ठामपणे सांगितले, आणि त्याचे मुख्य कारण हेच की द्रवाला ठरलेले प्रमाण नाही. तर तिथल्याच अस्थिशल्यविशारदांच्या संस्थेने २०२१ मध्ये दुखणे कमी करण्यास ते उपयोगी ठरू शकते अशी मर्यादित शिफारस केली. गादी परत येते, असे या दोघांपैकी कोणीही म्हटलेले नाही.

'ते गोरे लोक खुर्चीवर बसतात, आमचे तसे नाही'

हा आक्षेप आत्याबाईंचाच, आणि तो मला बिनतोड वाटतो. परदेशातल्या या चाचण्यांमधली माणसे धानाच्या बांधीत वाकून रोवणी करत नाहीत, चुलीपुढे उकिडवी बसत नाहीत, कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन बांध ओलांडत नाहीत. रोज तासन्‌तास उकिडवे बसण्याचा गुडघ्याच्या झिजेशी संबंध असल्याचे चीनमधील अभ्यासात दिसले आहे. गादीचे जीवशास्त्र सगळीकडे सारखेच. पण इंजेक्शनानंतर माणूस कशाकडे परत जातो, हे सारखे नाही. सूज उतरवून तोच गुडघा दुसऱ्या आठवड्यात पुन्हा निंदणात घातला, तर परदेशातल्या चाचणीत जेवढा गुण दिसला तेवढाही इथे टिकेल का, याची मला शंका आहे.

'शेजारणीला फरक पडला, तिचे काय?'

पडला असेल. गुडघ्याचे दुखणे आषाढातल्या उन्हासारखे येते-जाते. माणूस सुई टोचून घ्यायला जातो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेनंतर उतार येतोच. त्यात सुईचा विश्वास मिळतो, डॉक्टर चार दिवस विश्रांती घ्यायला सांगतात, घरची सून पाणी भरते. यांतून पीआरपीचा स्वतःचा वाटा एका शेजारणीवरून वेगळा काढता येत नाही. त्यासाठीच २८८ माणसे लागतात.

'आपलेच रक्त, मग धोका कसला?'

रक्त आपले असले तरी सुई, नळी, खोली आणि हात आपले नसतात. दोन-तीन दिवस सूज आणि ठणका राहणे नेहमीचे आहे. सांध्यात जंतू शिरणे क्वचित घडते, पण घडले तर गुडघा महिनोन्‌महिने जातो, म्हणून मंगल कार्यालयातल्या शिबिरात सांध्यात इंजेक्शन घेऊ नये. प्लेटलेट कमी असणे, अंगात कुठे जंतुसंसर्ग असणे, रक्त पातळ करण्याची औषधे चालू असणे, रक्ताचा कर्करोग किंवा खूप रक्तक्षय असणे, अशा वेळी हे इंजेक्शन सहसा देत नाहीत. मेडिकलमधून रोज आणून खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्यांपैकी बऱ्याच प्लेटलेटचे काम मंदावतात, त्यामुळे त्या आधी काही दिवस बंद कराव्या लागतात; शिबिरात आत्याबाईंना हे कोणी विचारले नव्हते.

विदर्भासाठी आणखी दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि त्या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरते. खुब्याचे हे दुखणे कित्येकदा गुडघ्यात जाणवते. तिशीतला मुलगा लंगडत असेल तर गुडघ्यात काही टोचण्याआधी खुब्याचा फोटो आणि सिकलसेलची तपासणी व्हायला हवी. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि वर्षानुवर्षे ते पाणी पिल्याने सांधे आखडतात. त्या आखडण्यावर पीआरपी हे उत्तर नाही, पाणी बदलणे हे आहे.

पंचवीस हजार मोजण्याआधी

आत्याबाईंचा उभ्याने काढलेला एक्स-रे शेवटी वर्ध्याला झाला. झीज चार पायऱ्यांत मोजतात आणि त्यांची तिसरी निघाली. पहिल्या-दुसऱ्या पायरीला पीआरपीचा थोडाफार गुण येण्याची शक्यता जास्त. चौथ्या पायरीला हाडावर हाड घासत असते आणि तिथे हे पैसे वाया जातात. त्या टप्प्यावर सांधा बदलण्याचाच विचार करावा, आणि त्याची भीती खर्चामुळे असेल तर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या प्रकाराची कमाल किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरली होती, हे माहीत असावे. दर तीन महिन्यांनी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेत राहणे हा मधला मार्ग नव्हे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीत तसे करणाऱ्यांची गादी उलट जास्त झिजली.

डॉक्टरांना विचारायचे ते एवढेच: माझी पायरी कोणती, तुमच्या द्रवात प्लेटलेट किती असतात, आणि एका इंजेक्शनानंतर थांबून पाहता येईल का. जो डॉक्टर 'दुखणे काही महिने कमी होऊ शकेल, खात्री नाही' असे म्हणतो, त्याच्याकडून ते घेण्यात काही गैर नाही. 'गादी येते' म्हणणाऱ्याकडून घेऊ नये.

बिनखर्चाचे उपाय नीरस असतात म्हणून त्यांचे फलक लागत नाहीत. एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे २००५ मधल्या एका अभ्यासात दिसले. सेहेचाळीस किलोंच्या आत्याबाईंना ते सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांना डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, लावायचे मलम आणि उकिडवे न बसण्याची ताकीद दिली. आता चुलीला विटांचा ओटा झाला आहे. संध्याकाळी त्या खाटेवर पडून, घोट्याला तुरीच्या डाळीची किलोभराची पिशवी बांधून पाय सरळ वर उचलतात आणि दहापर्यंत मोजतात. इंजेक्शनाचे काय, असे विचारले तर म्हणतात, "कापसाचा चुकारा हाती येऊ दे, मंग पाहू. तवरोक डाळ तर घरचीच हाय."